पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आणि गायनाचा जलसा

महाशिवरात्र आली म्हणजे आपल्या हिमायतनगरास, अर्थात जुन्या वाढोण्यास, श्रीपरमेश्वराची यात्रा भरते. मंडप कोठे घालावा, पाण्याचे रांजण कोणत्या बाजूस ठेवावेत, कीर्तनास कोणत्या घटकेला प्रारंभ करावा, बायाबापड्यांस बसावयास जागा कोठे राखावी, याचा खल गावातील जाणती माणसे कित्येक दिवस आधीपासून करीत असतात. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वीही हेच दृश्य दिसते. तथापि समारंभ आटोपला म्हणजे लोक गवयाचे नाव घेतात, नटाचे घेतात, वक्त्याचे घेतात. ज्याने वेळ, जागा आणि क्रम यांचा विचार केला त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. हे काम केवळ दगदगीचे, त्यात बुद्धीचे किंवा कल्पकतेचे काय आहे, असाच बहुतेकांचा समज असतो.

या समजास उत्तर देणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. तो स्वतः थोर गवई होता. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य असे की, गाणे कसे गावे याचा त्याने जितका विचार केला, तितकाच गाणे कोठे, कोणापुढे, किती वाजता आणि कोणत्या व्यवस्थेत व्हावे याचाही केला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे त्याचे नाव.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. कीर्तन ही आपल्याकडील अत्यंत विचारपूर्वक रचलेली सभा होय. आधी नमन, मग पूर्वरंग, मध्ये बुक्का लावून श्रोत्यांस थोडी विश्रांती, नंतर आख्यान, शेवटी आरती. कोठे श्रोता कंटाळेल आणि कोठे तो पुन्हा सावरून बसेल याचा अंदाज शेकडो वर्षांच्या अनुभवाने त्यात बांधलेला आहे. ज्या मुलाने बालपणी हे रोज पाहिले, त्याच्या मनावर सभेच्या घडणीचा संस्कार नकळत झाला असावा, असे आम्हास वाटते.

पुढे एका उत्सवातच त्या मुलावर मोठे संकट ओढवले. नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीचा उत्सव चालू असता दारूकामातील एक फटाका त्याच्या तोंडाजवळ उडाला आणि दोन्ही डोळ्यांस इजा झाली. उपचारासाठी त्यास मिरजेस नेण्यात आले. (ज्या मिरजेचे नाव पुढे १८९४ पासून डॉक्टर वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयामुळे सर्व हिंदुस्थानात झाले, तीच ही मिरज; परंतु ही गोष्ट त्यापूर्वीची.) दृष्टी काही अंशी बचावली, परंतु शाळेचा अभ्यास पुढे चालविणे अशक्य झाले. मुलाचा गळा गोड आहे, तेव्हा त्याने गायन शिकावे, अशी सूचना पुढे आली. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याजवळ त्याची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांत बाळकृष्णबुवांचे नाव पहिल्या मानाचे आहे. त्यांच्या घरी शिष्याने पाणी भरावे, सेवा करावी, मिळेल तेव्हा आणि मिळेल तितके शिकावे, अशी जुनी रीत होती. विष्णुबुवांनी सुमारे नऊ वर्षे ती पाळली.

मिरजेतून ते १८९६ साली बाहेर पडले. त्याचे जे कारण त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते, तेही एका समारंभाचेच आहे. गावात एक मोठी सभा व्हावयाची होती. दरबारची मर्जी असल्यामुळे विष्णुबुवांना तिचे निमंत्रण आले. त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. चौकशी करता असे कळले की, ते पडले गवई, त्यांस निमंत्रण कशाला द्यावयाचे, असा चालकांचा विचार होता. गुरूच्या विद्येवर राजवाडा डोलतो, परंतु चार संभावित माणसांच्या पंक्तीत त्याला आसन नाही, हे त्या तरुणाच्या जिव्हारी लागले. आश्रय सोडून तो दोन सोबत्यांसह वाट फुटेल तिकडे निघाला.

त्या काळी गवयाची स्थिती काय होती हे आजच्या विद्यार्थ्यांस सांगितल्यावाचून समजणार नाही. गाणे होई ते राजवाड्यात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, नाही तर देवळात. बोलावणे येईल तेव्हा गवयाने जावे. यजमानांचे जेवण होईपर्यंत नोकरचाकरांबरोबर बाहेर तिष्ठत बसावे. आज्ञा झाली म्हणजे तंबोरे जुळवावेत. गाणे चालू असता हुक्के गुडगुडत, विडे वाटले जात, कारभाराच्या गोष्टी चालत. मैफल किती वाजता संपणार याचा नेम नसे. अखेरीस यजमान जी बिदागी देतील ती मुजरा करून घ्यावयाची. ती थोडी झाली असे म्हणण्याचा अधिकार गवयास नव्हता. आणि सामान्य माणूस? त्याला या दिवाणखान्याचा दरवाजाच बंद होता. वाण्याचा मुलगा, शाळामास्तर, टपालातील कारकून यांनी उत्तम ख्याल ऐकावा तो कोठे? सभ्य घरच्या स्त्रियांची तर गोष्टच बोलावयास नको. गाणे ऐकणे म्हणजे विलासी माणसाचा नाद, आणि मुलास गाणे शिकविणे म्हणजे त्यास बिघडविणे, असे शहाणी माणसे मानीत.

या साऱ्यास विष्णुबुवांनी उपदेशाने उत्तर दिले नाही. सातारा, बडोदे असे मुक्काम करीत ते काठेवाडात आले आणि तेथे त्यांनी एक साधी, पण त्या काळी विलक्षण वाटणारी गोष्ट केली. सार्वजनिक ठिकाणी गाण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यास अल्प दराचे तिकीट लावले.

ही कल्पना जगात अगदी नवी होती असे नाही. लंडन शहरात जॉन बॅनिस्टर नावाच्या वादकाने राजाची चाकरी सुटल्यावर आपल्या घरी पैसे घेऊन वादन ऐकविण्यास प्रारंभ केला तो १६७२ साली, म्हणजे विष्णुबुवांच्या जन्माच्या बरोबर दोनशे वर्षे आधी. युरोपातील थोर वादक राजाश्रयातून मोकळे झाले ते अशा तिकिटाच्या मैफलींमुळेच. आपल्याकडे नाटकास तिकीट होते, पुढे सर्कशीसही आले. परंतु तानपुरा घेऊन बसलेल्या गवयाचे गाणे तिकीट काढून ऐकावयाचे, हे ऐकून लोकांस हसू आले असल्यास नवल नाही.

त्या कागदाच्या कपट्याने काय साधले ते नीट पाहण्यासारखे आहे. बिदागी ही दात्याच्या मर्जीची. तिकिटाचा दर आधी ठरलेला. तेव्हा गवई याचक राहिला नाही. उलट बाजूने, ज्याने तिकीट घेतले त्याला आपल्या जागेचा हक्क मिळाला. मग तो जहागीरदार असो की दुकानदार. हक्क आला तसे कर्तव्यही आले. वेळेवर यावे, शांत बसावे, शेजाऱ्याच्या ऐकण्यात व्यत्यय आणू नये. ज्या सभेत यजमान कोणी नाही आणि आश्रितही कोणी नाही, अशी सभा या मनुष्याने नुसती मांडणी बदलून निर्माण केली.

मांडणीचे बाकीचे तपशीलही त्यांनी असेच बारकाईने बसविले. कार्यक्रमाची वेळ जाहीर होई आणि त्या वेळेस गाणे सुरू होई, मग श्रोते शंभर असोत की पाच. उशिरा येणाऱ्या बड्या माणसासाठी खोळंबून राहण्याची प्रथा त्यांनी मोडली. सभागृहात धूम्रपान व गोंगाट यांना मज्जाव असे. स्वतःचा आणि शिष्यांचा पोशाख स्वच्छ व रुबाबदार असावा याबद्दल ते फार दक्ष असत. कारण गवई दिसण्यातही सन्मान्य नागरिक वाटला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. प्रारंभी ईशस्तवन. मग शिष्यांचे गायनवादन. मग मुख्य ख्याल, तोही श्रोत्यांच्या शक्तीबाहेर न लांबविता. मध्ये तराणा किंवा एखाद्या वाद्याचा भाग, आणि अखेरीस भजन. कीर्तनाचा तो जुना क्रम येथे निराळ्या वेषात पुन्हा दिसतो, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे अनेक मुलांनी एका स्वरात गाणे. ख्रिस्ती उपासनामंदिरांत भाविकांनी मिळून गाण्याचा परिपाठ जुना आहे, आपल्या वारकऱ्यांच्या दिंडीतही तो आहे. पण रागदारीचे गाणे हे ज्याच्या त्याच्या गळ्याचे आणि ज्याच्या त्याच्या लहरीचे, ते दहावीस जणांनी एकत्र कसे म्हणावे? विष्णुबुवांनी त्यासाठी स्वरलेखनाची पद्धती सिद्ध केली, चिजा लिहून छापल्या आणि मुलांकडून त्या हुबेहूब बसवून घेतल्या. आपल्यासारखीच शाळेत जाणारी मुले व्यासपीठावर बसून शुद्ध स्वरात गात आहेत, हे पाहून आईबापांच्या मनातील भीती जितकी गेली, तितकी शंभर व्याख्यानांनी गेली नसती.

काठेवाडातून ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंदर अशी यात्रा करीत ते पंजाबात पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर शहरी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पंजाब म्हणजे परका मुलुख, भाषा निराळी, जवळ द्रव्य नाही. पहिले कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरी विष्णुबुवा रोज ठरलेल्या वेळी रिकाम्या वर्गात जाऊन तंबोरा जुळवीत व वेळ संपेपर्यंत बसत, असे सांगतात. हळूहळू विद्यार्थी आले. कोणा राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर ही संस्था उभी राहिली. ठराविक वर्षांचा अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा, पाठ्यपुस्तके हे सर्व तेथे होते. ‘संगीतामृतप्रवाह’ या नावाचे मासिक निघाले. वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखाना निघाला. स्त्रियांसाठी वर्ग उघडले. काही निवडक विद्यार्थ्यांस घरी ठेवून, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार स्वतः सोसून, पुढे गावोगाव शिक्षक म्हणून पाठविण्यासाठी ते तयार करीत. विद्यालयाच्या वार्षिक समारंभास न्यायाधीश, प्राध्यापक, मोठे अधिकारी यांस आग्रहाने बोलावीत. ज्यांच्या सभेत एके काळी गवयास निमंत्रण नव्हते, त्यांनाच आता गवयाकडून निमंत्रण जाऊ लागले.

मुंबईस विद्यालयाची शाखा १९०८ साली निघाली. १९१८ पासून तेथे संगीत परिषदा भरू लागल्या. त्यापूर्वी दोन वर्षे, १९१६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरविली होती. या दोन विष्णूंचे मार्ग भिन्न होते. भातखंडे हे शास्त्राचे शोधक. त्यांच्या परिषदेत पंडित व उस्ताद यांनी रागांच्या स्वरूपाविषयी निर्णय करावा अशी त्यांची इच्छा. पलुसकरांचे लक्ष सभागृहातील शेवटच्या रांगेवर. दोघांत मतभेद पुष्कळ झाले आणि त्यांच्या अनुयायांनी ते वाढविले. आम्हास तर दोघेही हवेसे वाटतात.

राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत पलुसकरांचे राष्ट्रगायन हा एक नित्य भाग होऊन बसला. हजारो माणसांचा मंडप, ध्वनिवर्धक यंत्रे अद्याप यावयाची होती, आणि अशा ठिकाणी एक मनुष्य आपल्या आवाजाने सारी सभा स्तब्ध करीत असे. १९२३ साली काकीनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आपल्या धर्मभावनेस अनुसरून गायनास हरकत घेतली. ही सभा कोणा एका धर्माची नसून सर्वांची आहे, असे नम्रपणे सांगून पंडितजींनी वंदे मातरम् पूर्ण केले. दोघांचेही मन आपापल्या जागी प्रामाणिक होते. अनेक धर्मांच्या माणसांची सभा रचणे किती नाजूक काम आहे, याचा हा एक कठीण धडा होता. पुढेही तो राष्ट्रास वारंवार गिरवावा लागला. ‘रघुपति राघव राजाराम’ ही धून घरोघर पोहोचली तीही पलुसकरांच्या चालीने. गांधीजींच्या प्रार्थनासभांत ती नित्य म्हटली जाई.

येथवर वाचून कोणी असे समजेल की, या कल्पकतेस यशाचेच फळ आले. तसे झाले नाही. मुंबईस विद्यालयासाठी स्वतःची इमारत बांधण्याकरिता त्यांनी १९१५ च्या सुमारास मोठे कर्ज काढले. विद्यार्थ्यांची फी व जलशांचे उत्पन्न यांतून ते फिटेल असा त्यांचा हिशेब होता. पण शिष्यांचा सांभाळ, प्रवास, छापखाना, मासिक हा खर्च सारखा वाढत गेला, विद्यार्थी अपेक्षेइतके आले नाहीत, आणि १९२४ पर्यंत धनकोंनी त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणून ती लिलावात काढली. ज्याने प्रत्येक जलशाचा मिनिटामिनिटाचा आराखडा केला, त्याचा जमाखर्चाचा आराखडा चुकला. समारंभ घडविणाऱ्यास उत्साह जितका लागतो तितकाच खर्चाचा हात आवरणारा एखादा सोबतीही लागतो. तसा सोबती पंडितजींस लाभला नाही, अथवा लाभला असता तरी त्यांनी त्याचे ऐकले असते की नाही, कोण जाणे.

दुसराही एक आक्षेप त्यांच्यावर घेण्यात येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. घरंदाज श्रोत्यांस गाणे ग्राह्य व्हावे म्हणून त्यांनी जुन्या चिजांतील शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे शब्द घातले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रचनांचा रंग त्यामुळे पालटला, अशी रसिकांची तक्रार आहे. तसेच ठराविक वेळेच्या जलशात राग रात्रभर फुलविण्याची मोकळीक उरली नाही, हेही खरे. दिवाणखान्यातील दहा जाणकारांपुढे गवई जे धाडस करी, ते सहस्र श्रोत्यांपुढे करीलच असे नाही. सभा मोठी केली म्हणजे काही हाती लागते व काही हातचे जाते; पंडितजींनी हा सौदा जाणूनबुजून केला.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांची वृत्ती उदास व रामभक्तीत लीन झाली. संसारात दुःखे होतीच. कित्येक अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. नाशिकास त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. भगवी वस्त्रे परिधान करून तुलसीदासांचे रामायण गावे, नामसंकीर्तन करावे, असा त्यांचा क्रम झाला. कीर्तनकाराचा मुलगा पुन्हा कीर्तनाकडे आला. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना हे रुचले नाही, त्यांना ख्याल हवा होता. पंडितजी मात्र शांत होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेत त्यांच्या विद्येस प्रारंभ झाला त्याच मिरजेत, एकोणसाठाव्या वाढदिवसानंतर तीन दिवसांनी, त्यांनी देह ठेवला. मागे दहा वर्षांचा एक मुलगा राहिला, दत्तात्रय. तोही पुढे थोर गवई झाला, पण १९५५ साली ऐन तारुण्यातच गेला.

गुरूच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांस मराठवाड्यातील मुलेमुलीही बसतात. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले. प्रो. देवधर यांनी मुंबईस आपली शाळा चालविली. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका ग्रामोफोनवरून खेड्यापाड्यांत वाजल्या. लाहोरचे मूळ विद्यालय ज्या शहरात होते ते शहर १९४७ च्या फाळणीत पाकिस्तानात गेले.

त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या पहाटे आकाशवाणीवर वंदे मातरम् गाइले गेले. गाणारे होते पंडितजींचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. गुरूने मंडपात हजारोंस ऐकविलेले गीत आता ज्याच्या घरी यंत्र असेल त्या प्रत्येकास, तिकिटावाचून आणि निमंत्रणावाचून, ऐकू येत होते. आपला नांदेड जिल्हा त्या पहाटे अद्याप निजामाच्या राज्यात होता. येथे तो दिवस उगवावयास १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आणखी तेरा महिने, वाट पाहावी लागली.